लेकराला विचारलं का?

मंडळी, दहावी-बारावीचा निकाल लागला की घरोघर पेढे वाटतात. पेढा तोंडात टाकता टाकता कुणीतरी पोराला विचारतोच, "काय रे, आता पुढं काय?" पोरगा खाली बघतो. उत्तर बाप देतो. "डॉक्टर करायचाय त्याला."

आज आम्ही बोलणार आहोत ते पोराच्या त्या खाली बघण्याविषयी.

पण आधी बापाची बाजू सांगू. ती खोटी नाही. 1972 चा दुष्काळ ज्यांनी ऐन उमेदीत पाहिला, खडी फोडून ज्यांनी घर जगवले, ते आज म्हातारे झाले. त्यांच्या मुलांनी काय पाहिले? 2012-13 साली पाण्यावाचून वाळून गेलेल्या मोसंबीच्या बागा पाहिल्या. कापूस घरात आणि भाव पडलेला, हे तर कितीदा पाहिले. मग बाप म्हणतो, "आमचं झालं ते झालं. लेकराच्या नशिबी हे नको." हे तो मायेपोटी म्हणतो. पण माया असली तरी हिशेब पाहावाच लागतो.

डॉक्टरकीला जायचे तर नीट नावाची परीक्षा द्यावी लागते. 2024 साली सगळ्या देशातून 23 लाखांहून अधिक मुले त्या परीक्षेला बसली. एम.बी.बी.एस.च्या जागा होत्या सुमारे एक लाख. त्यातल्याही जवळजवळ निम्म्या खाजगी कॉलेजांतल्या, आणि तिथली फी ऐकली तर घाम फुटतो. म्हणजे वीस-बावीस मुलांमागे जागा एक. उरलेली मुले काय आळशी होती? मुळीच नाही. जागाच तेवढ्या.

तरी आपण काय करतो? एक एकर गहाण टाकतो. पोराला लातूरला नाहीतर संभाजीनगरला क्लासला ठेवतो. एक वर्ष जाते, दुसरे जाते. दर फोनवर बाप विचारतो, "किती मार्क पडले?" जेवलास का, हे फक्त आई विचारते. पोराला ठाऊक असते की आपल्या वहीच्या पानापानावर ते एकर लिहिलेले आहे. तो सुट्टीत घरी आला की बोलत नाही, नीट जेवत नाही, रात्र रात्र जागतो. अशा वेळी त्याला मार्क विचारू नका. जवळ बसा. गोष्ट फार पुढे गेली आहे असे वाटले तर 14416 या नंबरला फोन लावा. सरकारचा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येते. मन दुखत असेल तर त्यावरही इलाज आहे.

याच्या उलटही असते बरं का. संभाजीनगरात हिमरू विणणारी घराणी होती. रेशीम आणि सूत एकत्र विणून केलेले ते कापड. पैठणला पैठणी विणणारे. तिथे बाप म्हणायचा, माग पोरानेच चालवायचा. आज हिमरूचे हातमाग मोजकेच उरले. पोरे दुसऱ्या कामाला गेली, कारण मागावर पोट भरेना. त्यांना नावे ठेवणारे आम्ही कोण? पण त्यांच्यातल्या एखाद्याला मागच आवडत असला, तर त्यालाही "यात काय ठेवलंय" म्हणून हुसकू नये. शेतीचेही तसेच. ज्याला मातीची आवड आहे त्याने शेती केली म्हणजे तो नापास झाला, असे आपणच कशाला धरून चालावे?

आता एका बापलेकाची खरी हकीकत ऐका.

रामजी सुभेदार पलटणीतून निवृत्त झालेले. मुंबईला परळच्या चाळीत राहायचे. पैसा थोडा, माणसे जास्त. पण धाकट्या पोराला पुस्तक हवे असले की ते लग्न झालेल्या लेकींकडे जायचे. त्यांच्याकडून पैसे उसने आणायचे, नाहीतर दागिना मागून तो गहाण टाकायचे. पण पुस्तक आणायचेच. मध्यरात्र उलटली की पोराला अभ्यासाला उठवायचे. तो पोरगा म्हणजे भीमराव, आपले डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

1912 साली भीमराव बी.ए. झाले. बडोद्याच्या महाराजांनी शिक्षणाला मदत केली होती, म्हणून 1913 च्या आरंभी ते बडोदे संस्थानात नोकरीला निघाले. रामजींना हे पसंत नव्हते. लेकाने बडोद्याला जाऊ नये असे त्यांचे म्हणणे होते. ज्या बापाने लेकींचे दागिने गहाण टाकले, त्याचा शब्द मोडायचा? भीमराव तरी गेले. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. ते परत निघाले. वाटेत सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. घरी पोचले तेव्हा बाप शेवटच्या घटका मोजत होता. 2 फेब्रुवारी 1913 रोजी रामजी गेले.

बडोद्यात जातीपायी त्रास होईल ही बापाची भीती खोटी नव्हती. तसा त्रास पुढे झालाही. पण त्याच बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव त्याच वर्षी अमेरिकेला शिकायला गेले. आता बापाचे खरे की लेकाचे, हे ठरवायला आम्ही बसलो नाही. आम्हाला एवढेच दिसते की बापाचे न ऐकणारा हा लेक सुरतेच्या स्टेशनावर बापासाठी मिठाई घेत होता.

हेच बाबासाहेब 1950 साली आपल्या गावी, तेव्हाच्या औरंगाबादेत, कॉलेज काढायला आले. पुढे त्याला नाव मिळाले मिलिंद महाविद्यालय. मिलिंद हा एक ग्रीक राजा. त्याची ख्याती कशासाठी? तो प्रश्न विचारायचा. नागसेन नावाच्या भिक्षूला त्याने प्रश्नामागून प्रश्न विचारले आणि उत्तरे नीट ऐकून घेतली. म्हणून कॉलेजच्या परिसराचे नाव नागसेनवन. राजाला विचारायला कमीपणा वाटला नाही.

"पण आमच्या पोराला काही ठरवताच येत नाही," असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. सोळा वर्षांच्या पोराने पाहिलेले असते काय? शाळेतले मास्तर, दवाखान्यातले डॉक्टर, टीव्हीवरचा नट. म्हणून आधी दाखवा, मग विचारा. दहावीनंतर आय.टी.आय.ला फिटर, टर्नर, वेल्डर, वीजतंत्री अशी कामे शिकवतात. दोन वर्षांचे आय.टी.आय. केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येते. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे आज हातात पाना धरला म्हणून उद्याचे दार बंद होत नाही.

आणि मुलीचे काय? तिला तर "पुढं काय" हे कुणी विचारतही नाही. स्थळ आले की झाले! 2024 पासून महाराष्ट्र सरकारने एक सोय केली आहे. इतर मागास वर्ग, मराठा समाज आणि खुल्या वर्गातले गरीब, अशा घरांतल्या मुलींची इंजिनिअरिंग, डॉक्टरकी अशा शिक्षणाची शिकवणी फी आणि परीक्षा फी माफ होते. घरचे उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत हवे. दलित आणि आदिवासी मुलांमुलींसाठी वेगळ्या योजना आहेत. कॉलेजात जाऊन अटी विचारून घ्या, कागद आधी जमवा. मग मुलीला विचारा. ती कदाचित चुलीपाशी मान खाली घालून "तुम्ही म्हणाल तसं" म्हणेल. तेवढ्यावर उठू नका. पुन्हा विचारा.

जाधववाडीच्या बाजारात माल घालायला तुम्ही जाताच. एखाद्या खेपेला लेकराला सोबत घ्या. माल उतरला की तसेच पुढे वाळूजला जा. कारखान्याची पाळी सुटते तेव्हा बाहेर चहाच्या गाड्यावर कामगार उभे असतात. त्यांच्याशी बोला. दिवसाचे किती तास उभे राहावे लागते, पगार हातात किती पडतो, नोकरी पक्की की ठेकेदाराची, हे सगळे विचारा. बोलणे लेकराला करू द्या. तुम्ही चहा घ्या.