पंधरा सेकंदांचा पुरावा

डेअरीतल्या पाश्चरायझरमध्ये दूध ७२ अंश सेल्सिअसला किमान १५ सेकंद राहावं लागतं. गरम झालेलं दूध ज्या नळीतून जातं, ती होल्डिंग ट्यूब पार करायला त्याला तेवढा वेळ लागेल, अशी तिची लांबी ठरवलेली असते. ट्यूबच्या शेवटी सेन्सर असतो. तापमान उतरलं की डायव्हर्जन व्हॉल्व्ह दूध मागे वळवतो. पूर्वी याचा पुरावा म्हणजे गोल चार्ट. कागद फिरायचा, पेन रेघ ओढत राहायचं. आता अनेक ठिकाणी ते काम टचस्क्रीनचं पॅनेल करतं. यंत्र चालवणाऱ्या पीएलसी या नियंत्रकाकडून आकडे घेतं, फाइलीत लिहितं आणि फाइल ऑफिसच्या सर्व्हरला पाठवतं. पॅनेल विकत घेताना ही सोय त्यात बहुधा असते. ती नीट लावणं मात्र आपल्याकडे असतं.

नोंद किती वेळाने घ्यायची, हे मेमरीने ठरवू नये, दुधाने ठरवावं. मिनिटाला एक नोंद ठेवलीत, तर दोन नोंदींच्या मधे तापमान ७१वर घसरून पुन्हा सावरू शकतं आणि फाइलीत त्याचा मागमूसही राहत नाही. मिनिटाची सरासरी घेतलीत तर घसरण त्या सरासरीत बुडते. म्हणून दर सेकंदाला नोंद घ्या. दिवसाच्या ८६,४०० ओळी होतात. ओळ चाळीस अक्षरांची धरली तरी सगळं मिळून साडेतीन एमबी. एवढ्यासाठी काटकसर कशाला? तापमानाच्या शेजारी व्हॉल्व्हची स्थिती आणि प्रवाहही लिहा. नुसतं ७१ वाचून काही कळत नाही. त्या सेकंदाला दूध पुढे गेलं की मागे वळलं, हे कळायला हवं.

आकडा योग्य जागेवरून येतोय का, हेही बघा. पॅनेल आणि पीएलसी बहुधा मॉडबस या पद्धतीने बोलतात. तिच्यात मॅन्युअलातलं ४०००१ हे रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवण्याचा कप्पा, प्रत्यक्षात शून्य क्रमांकाचा पत्ता असतो. पत्ता एकाने चुकला तरी आकडा येतोच, पण तो भलत्याच गोष्टीचा असतो. दशांशातलं तापमान बहुधा दोन रजिस्टरांत विभागलेलं असतं, आणि त्यांचा क्रम उलटा लागला तर काहीच्या बाही आकडे दिसतात. तेव्हा तपासलेला थर्मामीटर घ्या, त्याच्यासोबत सेन्सर गरम पाण्यात धरा आणि थेट फाइल उघडून आकडा जुळवा. पडद्यावरचा आकडा बरोबर असला म्हणजे फाइलीतलाही बरोबरच असतो, असं नाही. पॅनेलचं घड्याळ रोज सर्व्हरच्या वेळेशी जुळवून घ्या, नाहीतर दोन यंत्रांच्या नोंदी शेजारी ठेवता येत नाहीत.

आता फाइल पाठवण्याबद्दल. फाइल पाठवण्याच्या एफटीपी या पद्धतीचा पहिला मसुदा १९७१ साली अभय भूषण यांनी लिहिला, एमआयटीत. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले. पन्नास वर्षं उलटली तरी कारखान्यांतली कितीतरी पॅनेलं त्याच पद्धतीने फाइल पाठवतात, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. पण एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो. पॅनेलला एसएफटीपी ही सगळं कूटबद्ध करून पाठवणारी पद्धत येत असेल तर तीच वापरा. नसेल तर ही वाहतूक कारखान्याच्या वेगळ्या नेटवर्कबाहेर जाऊ देऊ नका. फाइल जाताना तात्पुरत्या नावाने जाऊ द्या आणि पूर्ण पोचल्यावरच तिला खरं नाव द्या, म्हणजे अर्धवट फाइल कुणी पूर्ण समजून वाचणार नाही. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा. यादी आपोआप तारखेनुसार लागते. सर्व्हरवरच्या फाइलीचा आकार जुळल्याशिवाय पॅनेलमधली प्रत पुसू नका.

हे सगळं लावून झालं की नेटवर्कची केबल काढा आणि अर्धा तास यंत्र चालू द्या. दूध नको, पाणी चालेल. त्या अर्ध्या तासात मधेच पॅनेलची वीज बंद करून परत चालू करा, शेवटी केबल जोडा आणि सर्व्हरवरच्या फाइलीतल्या ओळी मोजा. वीज बंद होती आणि पॅनेल पुन्हा सुरू होत होतं, तेवढ्या वेळाचीच तूट दिसली पाहिजे. त्याहून एक मिनिट जरी जास्त गेलं असेल, तर ते कुठे गेलं हे सापडेपर्यंत जुना चार्ट भिंतीवरून उतरवू नका.