आप्ताच्या कर्जाला जामीन राहताना
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणिसांनी मला विवाहखर्चावर बोलण्याची आज्ञा केली होती. त्या विषयावर आपण प्रतिवर्षी ऐकता आणि प्रतिवर्षी खर्चही करता. म्हणून त्यांची अनुज्ञा घेऊन मी विषय बदलला आहे.

जुन्या दप्तरांत हाजीरजामीन आणि मालजामीन असे दोन निरनिराळे शब्द आढळतात. पहिला माणसाला हजर करण्याची हमी देई, दुसरा पैशाची. आप्ताच्या कर्जावर सही करताना आपल्या मनात बहुधा पहिला असतो. माणूस ओळखीचा आहे, सज्जन आहे, एवढेच आपण सांगत आहोत असे वाटते. कागदावर मात्र आपण मालजामीन झालेलो असतो.

माझाच अनुभव सांगतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी माझ्या मावसभावाने मालवाहू टेम्पोसाठी एका पतसंस्थेचे कर्ज काढावयाचे ठरविले. मी शाळामास्तर, पगारदाराची सही हवी होती. मावशी स्वतः आल्या, ओसरीवर बसल्या, चहासुद्धा घेईनात. लहानपणी दोन वर्षे त्यांनी मला आपल्या घरी ठेवून शिकविले होते. अशा माउलीसमोर कागद वाचीत कोण बसणार? मी सही केली. रात्री सौभाग्यवतीने रकमेचा आकडा विचारला, तो मला सांगता आला नाही.

दीड वर्षाने हप्ते थांबले. भावाने सांगितले नाही, संस्थेनेही कळविले नाही. पत्र आले ते एकदम पगारकपातीचे, आणि तेही मुख्याध्यापकांच्या हाती. एकतीस महिने हप्ता माझ्या पगारातून गेला. कन्येला पुण्यास शिकावयास पाठवावयाचे होते, ती नगरलाच राहिली. पैशाचे दुःख कालांतराने ओसरले; पण भाऊ लाजेने माझ्या वाटेने येईनासा झाला. मावशी वारल्या तेव्हा दहाव्याला आम्ही दोघे घाटावर एकमेकांकडे न पाहता उभे होतो.

"आधी त्याचे विका, मग माझ्याकडे या," हे म्हणणे सामान्यतः चालत नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे, करारात निराळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. १९६८ साली बँक ऑफ बिहारच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. सहकारी संस्थेला तर १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या १०१ व्या कलमाखाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळविता येतो; दिवाणी दाव्याची आवश्यकता नसते. उलटपक्षी, भरलेला पैसा भावाकडून मागण्याचा हक्क मला होता, आणि टेम्पोच्या तारणाचा लाभही मला मिळावयास हवा होता. हे तेव्हा ठाऊक नव्हते. असते तरी मी दावा लावला नसता. पण टेम्पो परस्पर विकला जाण्यापूर्वी बोललो असतो.

मग जामीन राहूच नये काय? तसे मी म्हणणार नाही. १८७५ साली पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या आपल्याच तालुक्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली. त्या सावकारीला पर्याय म्हणून १९०४ च्या कायद्याने सहकारी पतपेढ्या निघाल्या, आणि ज्याच्यापाशी तारण नाही अशा माणसाला तेथे शेजाऱ्याच्या किंवा भावकीच्या सहीवर पैसे मिळू लागले. ती सही नसती तर आपल्यातील कित्येकांची विहीर खणली गेली नसती.

परंतु कोरा फॉर्म समोर आला तर लेखणी खाली ठेवावी. रक्कम, व्याज, मुदत भरलेली पाहावी, प्रत मागून घ्यावी, आणि दर तिमाहीस खाते कसे चालले आहे ते संस्थेतच विचारावे. भावाला विचारून उपयोग नाही, तो "चालले आहे" असेच म्हणेल. आपल्या संमतीवाचून अटी बदलल्या तर कलम १३३ जामीनदाराला पुढील व्यवहारापुरते मुक्त करते. पण छापील फॉर्मात हा हक्क पुष्कळदा बारीक अक्षरांत सोडून दिलेला असतो. आणि घरी सांगावे. आपल्या हयातीत झालेले देणे आपल्या पश्चात वारसांना मिळालेल्या मिळकतीपर्यंत पोहोचते, व त्या वेळी कागद कोठे आहे हे कुणालाच ठाऊक नसते.

सर्वांत कठीण गोष्ट कायद्यात नाही. "मावशी, वाचून उद्या सांगतो," एवढे वाक्य मला त्या दिवशी उच्चारता आले नाही. आज वाटते, त्यांना त्याचा राग आला नसता.

भोजनोत्तर मी मंडपाच्या उत्तरेकडील लिंबाखाली बसणार आहे. ज्यांनी सही केली आहे किंवा करावयाची आहे, त्यांनी आपले कागद घेऊन यावे. चष्मा मी आणला आहे.