नऊ जनुकांचे राज्य
(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



ग्रंथालयाच्या शताब्दीसमयी विषाणूसारखा विषय निवडला जावा, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु जीवशास्त्राने आपले दोन कळीचे शब्द ग्रंथव्यवहारातूनच उसने घेतले आहेत. पेशीच्या केंद्रकातील जनुकावरून जी नक्कल उतरवली जाते तिला प्रतिलेखन म्हणतात, आणि त्या नकलेवरून प्रथिन घडते त्या क्रियेस भाषांतर. विषाणूची सारी कथा या दोन शब्दांत सामावली आहे. विषाणू हा असा मजकूर आहे, की ज्याला स्वतःचे भाषांतर करता येत नाही. दुसऱ्याच्या घरात शिरावे, तेथील लेखनिकांना कामास लावावे आणि आपल्या हजारो प्रती काढून घ्याव्यात, एवढाच त्याचा संसार.

एड्सचा विषाणू, म्हणजे एचआयव्ही, हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. १९८३ मध्ये पॅरिसमध्ये तो प्रथम हाती लागला. भारतात १९८६ मध्ये मद्रास येथे त्याची पहिली नोंद झाली. मानवी जनुकसंहितेत सुमारे तीन अब्ज अक्षरे आणि प्रथिने घडवणारी सुमारे वीस हजार जनुके. या विषाणूची अक्षरे दहा हजारांच्या आत, आणि जनुके अवघी नऊ. नऊ जनुकांनी वीस हजारांवर राज्य कसे करावे?

प्रथम प्रवेश. विषाणूच्या आवरणावरील प्रथिन रोगप्रतिकारक पेशीवरील सीडी-४ नावाच्या प्रथिनास बिलगते. मग आणखी एका साहाय्यक प्रथिनाचा आधार घेऊन विषाणू आत उतरतो. पेशी हे दार विषाणूसाठी ठेवत नाही. ते तिच्या स्वतःच्या कामाचे असते. आत येताच विषाणूचे एक विकर आरएनएवरून डीएनए लिहिते. वाचनाचा नेहमीचा क्रम उलटा करणारे हे विकर टेमिन आणि बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये शोधले होते. दुसरे विकर हा डीएनए मानवी गुणसूत्रात चिकटवते. पोथीत कोणी एक पान बेमालूम शिवून टाकावे, तसे. पुढे पेशी ते पान आपलेच समजून वाचते. टॅट हे छोटे प्रथिन त्या वाचनाला वेग देते, रेव्ह हे प्रथिन नकला केंद्रकाबाहेर काढते, आणि अखेरीस तिसरे विकर लांब प्रथिने कापून नव्या विषाणूला पक्व करते.

या नवांत नेफ नावाचे एक जनुक आहे. हे जनुक विषाणूच्या वाढीस आवर घालते, असे आरंभी वाटले, म्हणून त्याच्या नावातच नकार आला. नाव राहिले, समजूत मात्र पालटली. १९९१ मध्ये, हे जनुक काढून टाकलेल्या माकडांमधील तत्सम विषाणूने प्रौढ माकडांत रोग उत्पन्न केला नाही. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातील एक रक्तदाता आणि त्याचे रक्त मिळालेले काही जण यांची हकिगत प्रसिद्ध झाली. त्यांच्यातील विषाणूत या जनुकाचा भाग गळलेला होता, आणि संसर्ग होऊनही ते वर्षानुवर्षे निरोगी राहिले होते. पुढे त्यांतील काहींची प्रतिकारशक्ती खालावली हे खरे. पण नेफ हा रोगाचा मोठा आधार आहे, हे सिद्ध झाले.

हा आधार कोणता, याचे एक उत्तर महाराष्ट्रातून आले. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात मनीष कुमार आणि देबाशीष मित्रा यांनी २००५ मध्ये दाखवले, की नेफ हे पेशीच्याच एचएसपी-४० या प्रथिनाशी हातमिळवणी करते. एचएसपी ही प्रथिने पेशीवर ताण आला असता धावून येणारी, इतर प्रथिनांची घडी सावरणारी. त्यांपैकी एकाला नेफ केंद्रकात नेते आणि विषाणूच्या जनुकांचे वाचन वाढवून घेते. याच चमूने २०११ मध्ये दुसरी बाजूही मांडली : त्याच कुळातील एचएसपी-७० हे विषाणूच्या वाढीला अटकाव करते. एकाच घरातील एक भाऊ फितूर, दुसरा दाराशी उभा. देबाशीष मित्रा पुढे आपल्या या हैदराबादेतील डीएनए फिंगरप्रिंटिंग व निदान केंद्राचे संचालक झाले.

पुणे आणि हैदराबाद यांचा असा योग पुन्हा आला तो कोविडच्या साथीत. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने विलग केलेला विषाणू हैदराबादच्या भारत बायोटेकने निष्क्रिय केला आणि कोव्हॅक्सिन सिद्ध झाली. याच शहरातील बायोलॉजिकल ई कंपनीच्या कोर्बेव्हॅक्समध्ये संपूर्ण विषाणूही नाही. विषाणू ज्या प्रथिनाने पेशीला बिलगतो, त्याचा केवळ एक भाग आहे.

एड्सवर मात्र अद्याप लस नाही. आहेत ती औषधे त्या तिन्ही विकरांना रोखतात. गुणसूत्रात शिवलेले पान उसवू शकत नाहीत. म्हणून ती आयुष्यभर घ्यावी लागतात. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने वर्षाला ३५० डॉलरला ही औषधे देऊ केली, तेव्हा पाश्चात्त्य देशांत त्यांची किंमत दहा हजार डॉलरच्या घरात होती. हैदराबादच्या हेटेरो, अरबिंदो यांसारख्या कंपन्यांनीही ती दूरदूरच्या देशांत पोहोचवली. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने मोफत उपचार सुरू केले. आरंभीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र आणि तत्कालीन आंध्र प्रदेश ही दोन्ही होती.

औषध नियमित घेऊन ज्याच्या रक्तातील विषाणू चाचणीत सापडेनासा झाला, त्याच्याकडून शरीरसंबंधातून संसर्ग होत नाही, हे आज निर्विवाद आहे. तरीही अशा माणसाला घर नाकारले जाते, त्याचे ताट वेगळे ठेवले जाते. असा भेदभाव रोखण्यासाठी २०१७ मध्ये कायदा करावा लागला. ताटावर, कपावर सीडी-४ नसते. हे एवढे वाक्य ज्याने समजून घेतले, त्याच्या हातून ते ताट वेगळे मांडले जाणार नाही. भीती जिथे घर करते तिथे बहुधा ज्ञान परभाषेत अडकलेले असते.

याच शहरात १९१७ मध्ये उस्मानिया विद्यापीठासाठी भाषांतर विभाग उभा राहिला आणि पाश्चात्त्य विज्ञान उर्दूत उतरू लागले. विद्या आपल्या भाषेत शिकता यावी, हा त्यामागचा आग्रह. मराठी ग्रंथालयानेही दुसऱ्या शतकात पाऊल टाकताना कथा-कादंबऱ्यांच्या शेजारी अशा ज्ञानासाठी एक कपाट राखावे. विषाणूला भाषांतरासाठी परक्या घरात शिरावे लागते. माणसाला ते आपल्या घरी, आपल्या भाषेत करता येते, आणि त्यातून कोणाचा जीव वाचू शकतो, कोणाची अब्रू.