‘मी त्यांच्यातला नाही’ असं सांगणारा बिल्ला

(नाशिकमध्ये तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी मला सांगितलं, ‘तू अमेरिकेत राहून आलास, तिथल्या लोकांच्या सणांवर बोल.’ मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. भाषणं करायची सवय नाही. कंपनीच्या कामासाठी सिएटलला राहिलो, एवढंच माझं भांडवल. म्हणून जे पाहिलं आणि नंतर वाचून समजून घेतलं, तेच सांगतो.

सिएटल हे अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातलं बंदराचं शहर. मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनमुळे पुण्या-नाशिकची बरीच मुलं तिथे आहेत. आपल्या लोकांचे गणपती, दिवाळी, ईद सगळं तिथे होतं. पण मला बोलायचंय ते चिनी आणि जपानी लोकांच्या सणांबद्दल. कारण या शहरात त्यांची चौथी-पाचवी पिढी आहे आणि त्यांच्यावर जे गुदरलं, ते ऐकताना मला सारखं आपलं घर आठवत होतं.

आधी गोड भाग सांगतो. तिथे एक मोहल्ला आहे, चायनाटाउन-इंटरनॅशनल डिस्ट्रिक्ट. चिनी, जपानी, फिलिपिनो, व्हिएतनामी, सगळ्यांची दुकानं शेजारी शेजारी. चांद्र नववर्षाला तिथल्या हिंग हे पार्कमध्ये सिंहाचा नाच होतो. दुकानदार दाराशी हिरव्या पानांचा गड्डा टांगतो, त्यासोबत पैशांचं लाल पाकीट असतं. सिंह नाचत येतो, पानं तोंडात घेतो आणि लोकांवर उधळतो. मुलांना मोठ्यांकडून लाल पाकिटात पैसे मिळतात. मी मनात म्हटलं, ही तर ईदी! त्यांचं कॅलेंडरही चंद्रावरचं. फरक इतकाच की हिंदू पंचांगासारखा ते अधिक महिना धरतात, म्हणून त्यांचं नववर्ष दर वर्षी हिवाळ्याच्या अखेरीस येतं. आपल्याकडे अधिक महिना नाही, म्हणून आपला रमजान सगळे ऋतू फिरून येतो.

जुलैमध्ये जपानी बौद्ध मंदिरासमोर ‘बोन ओडोरी’ असतो. हा सिएटलमध्ये १९३२ पासून चालत आलाय. बोन म्हणजे गेलेल्या माणसांची आठवण. आपण शबे-बरातला कब्रस्तानात जातो, कुणी पितृपक्ष पाळतं, त्याच जातीचा भाव. फरक असा की ते रस्ता बंद करून नाचतात. मधोमध मचाण, त्यावर मोठा ढोल, भोवती गोल रिंगण. ढोल वाजल्यावर नाशिकचा माणूस काय उभा राहणार? मीही रिंगणात शिरलो. हात कुठे न्यायचा ते कळत नव्हतं. पुढची आजी मागे वळून दर वेळी दाखवायची. या नाचाचा सराव आधी काही संध्याकाळी घेतात, तोही सगळ्यांसाठी खुला. ‘आमचा सण बघायला या’ आणि ‘आमचा नाच शिकायला या’ यांत फरक आहे, तो मला तिथे कळला.

शहरही यात हात घालतं. सिएटल सेंटर नावाच्या सार्वजनिक जागेत वर्षभर वेगवेगळ्या समाजांचे वीसहून जास्त उत्सव होतात, प्रवेश मोफत. जपानी चेरी ब्लॉसम उत्सव त्यातलाच. जपानचे पंतप्रधान ताकेओ मिकी यांनी १९७६ मध्ये सिएटलला चेरीची हजार झाडं भेट दिली, तिथून तो सुरू झाला. व्हिएतनामी नववर्षाचा ‘टेट’ आहे, अरब उत्सवही आहे.

इथे थांबलो असतो तर मी परत येऊन तुम्हाला फोटो दाखवले असते आणि म्हटलं असतं, बघा, किती छान लोक. पण एक दिवस मी त्याच मोहल्ल्यातल्या पनामा हॉटेलच्या चहाच्या खोलीत बसलो होतो. तिथे जमिनीत एक काच बसवलीय. खाली तळघर दिसतं. त्यात पेट्या, सामानसुमान पडलेलं. हे सामान १९४२ मध्ये जपानी कुटुंबांनी तिथे ठेवलं आणि बरेच जण ते न्यायला परत आलेच नाहीत.

झालं असं. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ वर सही केली. त्याच्या आधारे पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार माणसांना घरातून काढून छावण्यांत डांबलं. त्यातले दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. खटला नाही, आरोप नाही. हातात मावेल तेवढं सामान आणि कपड्याला अडकवलेली कुटुंबाच्या नंबराची चिठ्ठी. सिएटलच्या लोकांना आधी जवळच्या पुयाल्लप गावात नेलं. कुठे ठेवलं? जिथे दर वर्षी मोठी जत्रा भरते, त्या मैदानात. सात हजारांहून जास्त माणसं. आणि त्या जागेला नाव काय दिलं? ‘कॅम्प हार्मनी’, म्हणजे सलोख्याची छावणी. तिथून पुढे आयडाहोच्या माळरानावर, मिनिडोकाच्या छावणीत.

त्या वेळी चिनी लोकांनी काय केलं? हीच गोष्ट मला आज सांगायचीय. त्यांचा इतिहासही सोपा नव्हता. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत यायलाच बंदी झाली. फेब्रुवारी १८८६ मध्ये सिएटलमध्ये जमावाने चिनी वस्तीत घुसून शेकडो लोकांना धक्क्यावर नेलं आणि जहाजात बसवून हाकललं. म्हणजे जमाव दारात आल्यावर कसं वाटतं, हे त्यांना माहीत होतं. तरी १९४१-४२ मध्ये अमेरिकेत अनेक चिनी माणसांनी छातीवर बिल्ला लावला: ‘मी चिनी आहे.’ त्याचा अर्थ, मी जपानी नाही, मला मारू नका.

दोस्तांनो, मी त्यांना दोष देत नाही. चेहऱ्यावरून मार बसत असेल तर माणूस बिल्ला लावणारच. लेकरांना शाळेत पाठवायचं असतं, दुकान उघडायचं असतं. पण त्या बिल्ल्याचं दुसरं वाक्य न छापताही वाचता येतं: मारायचंच असेल तर त्यांना मारा.

छावण्यांतून सुटून आलेले जपानी लोक तीसेक वर्षं गप्प राहिले. मुलांना सांगितलं नाही. लाज वाटायची, जणू गुन्हा त्यांनीच केला होता. सण चालू झाले, ढोल वाजले, पण ही गोष्ट सणात नव्हती.

सिएटलमध्ये ती उघडपणे पुढे आली नोव्हेंबर १९७८ मध्ये. काही कार्यकर्त्यांनी लोकांना साद घातली, आपापल्या गाड्या घेऊन या, आपण पुयाल्लपला परत जाऊ. दोन हजारांच्या आसपास लोक जमले. म्हातारे, त्यांची मुलं, नातवंडं. अंगावर १९४२ सारख्याच चिठ्ठ्या लावल्या. गाड्यांची लांब रांग त्याच जत्रेच्या मैदानावर पोहोचली. तिथे लोकांनी घरून आणलेलं जेवण वाटून खाल्लं, भाषणं झाली, आणि अनेक मुलांनी आईबापांच्या तोंडून ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली. याला ‘डे ऑफ रिमेंबरन्स’, आठवणीचा दिवस म्हणतात. आता तो अमेरिकेत अनेक ठिकाणी १९ फेब्रुवारीच्या आसपास होतो.

आणि हा दिवस उभा करणाऱ्यांत पुढे कोण होता? फ्रँक चिन नावाचा लेखक. चिनी वंशाचा. ज्या समाजाने छत्तीस वर्षांपूर्वी ‘मी त्यांच्यातला नाही’ असा बिल्ला लावला, त्यातला माणूस आता जपानी लोकांना म्हणत होता, चला, मी सोबत येतो.

पुढे काय झालं ते नोंदीत आहे. संसदेने नेमलेल्या आयोगाने म्हटलं, हे लष्करी गरजेतून झालं नाही, ते वंशद्वेष, युद्धज्वर आणि नेतृत्वाच्या नाकर्तेपणातून झालं. १९८८ मध्ये अमेरिकेने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर दिले. त्या वाटेवरचं एक पाऊल म्हणजे एका मैदानावर एकत्र बसून जेवणं आणि खरं बोलणं.

आता आपला भाग. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेतल्या मुसलमानांकडे संशयाने बघणं सुरू झालं. तेव्हा तिथले वाहतूक मंत्री होते नॉर्मन मिनेटा. लहानपणी तेही छावणीत होते. धर्म किंवा वंश पाहून प्रवाशांना वेगळं काढू नका, ही भूमिका त्यांनी ठामपणे घेतली. २०१७ मध्ये काही मुस्लीम देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी झाली. सिएटलचा विद्यार्थी गॉर्डन हिराबायाशी १९४२ च्या आदेशाविरुद्ध उभा राहिला होता, तुरुंगात गेला होता. त्याच्या आणि त्याच्यासारख्या आणखी दोघांच्या मुलामुलींनी प्रवेशबंदीविरुद्ध सुप्रीम कोर्टात निवेदन दिलं. २०१८ मध्ये कोर्टाने बंदी कायम ठेवली. म्हणजे ते जिंकले नाहीत. पण ते आले.

सिएटल म्हणजे जन्नत नाही, हेही सांगतो. याच आशियाई मोहल्ल्याच्या मधून १९६० च्या दशकात महामार्ग काढला. कोरोनात चिनी चेहऱ्याच्या लोकांवर तिथेही हल्ले झाले. माणसं तिथलीही आपल्यासारखीच आहेत.

परत आल्यावर मी मुंबईत माझगावला गेलो. डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ एक छोटं चिनी मंदिर आहे, १९१९ चं. कधी काळी त्या भागात खलाशी आणि कारागीर चिनी कुटुंबांची वस्ती होती. चिनी नववर्षाला मुंबईत उरलेली चिनी कुटुंबं तिथे जमतात. बाकी शहराला पत्ताही नसतो. वस्ती रिकामी का झाली? १९६२ चं चीन युद्ध. तेव्हा आपल्या सरकारने आसाम आणि बंगालच्या भागातून चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना उचललं, बायकामुलांसकट, आणि राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत ठेवलं. आपलं देवळाली नव्हे, देवली. कित्येकांचा जन्म भारतातला. काही जण १९६७ पर्यंत आत होते. मुंबई-कोलकात्यातल्या कुटुंबांवरही पोलिसांची नजर राहिली, अनेक जण देश सोडून गेले. यावर जॉय मा आणि दिलीप डिसोझा यांचं ‘द देवलीवालाज्’ हे पुस्तक आहे, जरूर वाचा. आजवर सरकारने माफी मागितलेली नाही.

मी स्वतःला विचारलं, नागरिकत्वावर इतकं बोलणाऱ्या मला, तिशी ओलांडेपर्यंत हे माहीत का नव्हतं? कारण ते ‘आपले’ नव्हते. २०२० मध्ये कोरोनाचं खापर एकाच वेळी दोघांच्या डोक्यावर फुटलं, मुसलमानांच्या आणि ईशान्य भारतातल्या मुलामुलींच्या. त्यांना रस्त्यात ‘कोरोना’ म्हणून हाका मारत होते. आपल्यावर आलं तेव्हा आपण ओरडलो, आणि ते बरोबरच होतं. त्यांच्यासाठी किती जण बोललो? मी नाही बोललो.

आणि बिल्ला आपणही लावतो. ‘आम्ही कोकणी, आम्ही ते नव्हे.’ ‘मी शिकलेला आहे, त्या वस्तीतला नाही.’ ‘आमचा फिरका वेगळा.’ ऑफिसात कुणी काही बोललं की ‘तू तसा नाहीस’ हे ऐकून मला बरं वाटायचं. तेव्हा मी तोच बिल्ला लावून बसलो होतो.

मग करायचं काय? तीन साध्या गोष्टी सुचवतो.

एक, ईदला शीरखुर्मा तर आपण देतोच. त्यासोबत गोष्टही देऊया. जुन्या नाशिकमध्ये शेजाऱ्यांना, कॉलेजच्या मित्रांना घेऊन फिरूया. बडी दर्गा, काझीची गढी, आपले जुने वाडे, या शहराचं गुलशनाबाद हे नाव कधीचं, हे आपल्याच तोंडून सांगूया. मशिदीचं दार उघडं ठेवूया, वजू कसा करतात ते दाखवूया. त्या आजीने मला हात कुठे न्यायचा ते दाखवलं, तसं.

दोन, घरातल्या म्हाताऱ्यांना बोलतं करूया. कर्फ्यूत काय झालं, कुणी दूध आणून दिलं, कुणी दार लावून घेतलं. मोबाइलवर रेकॉर्ड करा. तीस वर्षं थांबू नका.

तीन, दुसऱ्याच्या आठवणीच्या दिवशी जा. बोलावणं येण्याची वाट बघू नका. आपल्या शहरात १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह झाला. त्याची आठवण २ मार्चला निघते, तेव्हा आपण किती जण असतो? पुढच्या वेळी आपली रांग तिथे दिसली पाहिजे. नाशकात शिकणाऱ्या, हॉटेलांत काम करणाऱ्या ईशान्येच्या मुलांना ईदला घरी बोलवा. नावानं हाक मारा.

मी स्वतः काय करणार तेही सांगतो. येत्या चिनी नववर्षाला मी माझगावला जाणार आहे. सोबत यायचं असेल त्यांनी बैठकीनंतर नाव द्या. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने जाऊ.

आता प्रश्न विचारा.