आप्तभावाची खोली

(जालना येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मघाशी ओळख करून देताना मला ‘मानसशास्त्राचे गाढे अभ्यासक’ म्हटलं गेलं. मी एकोणतीस वर्षं मराठी शिकवलं आणि त्यातली अकरा वर्षं वसतिगृहाचा रेक्टर होतो. मानसशास्त्राशी माझा संबंध एवढाच, की रात्री अकरानंतर कोणत्या पोराला झोप येत नाही ते मला कळायचं. (हशा)

पत्रिकेत विषय छापलाय ‘आदिवासी विद्यार्थी : मानसिक स्वास्थ्य आणि सांस्कृतिक समुपदेशन’. नाव संयोजकांचं. माझं म्हणणं त्याहून लहान आहे. समुपदेशनाच्या खोलीत आधी चूल हवी, खुर्ची मागून आली तरी चालेल. पहिल्या रांगेतले माझे मित्र आत्ताच पुटपुटले, “आला भाकरीवर.” आलो.

निजामाच्या काळात अजिंठ्याच्या डोंगरातल्या भिल्लांचं काय झालं, भोकरदन-जाफराबादकडच्या वस्त्या, आश्रमशाळांची कहाणी, हे तुम्हाला मी सांगणं म्हणजे जालन्यात मोसंबी विकायला येणं. मे २०१९मध्ये मुंबईत तडवी भिल्ल समाजातल्या एका तरुण डॉक्टरचा जीव गेला, तेही तुम्ही सगळ्यांनी वाचलंय. पुढे जाऊ.

२०११च्या जनगणनेनुसार तुमच्या जिल्ह्यात शंभरात जेमतेम दोन माणसं अनुसूचित जमातीची. म्हणजे साठ जणांच्या वर्गात एखादा. नंदुरबारच्या कॉलेजात निदान शेजारच्या बाकावर आपल्या बोलीतलं कुणी भेटतं. इथं तो एकटा. हजेरीला ‘येस सर’ म्हणतो, आणि दिवसभरात तेवढंच बोलतो.

असा एक मुलगा माझ्या वसतिगृहात होता. सातपुड्यातला, धडगावकडचा. ताटात अर्धं टाकून उठायचा. मी त्याला समुपदेशकांकडे पाठवलं. बाई भल्या होत्या, दर मंगळवारी यायच्या. त्यांच्याकडे छापील फॉर्म होता : झोप लागते का, भूक लागते का, घरच्यांशी मोकळेपणाने बोलता का. त्याने सगळ्याला ‘हो’ म्हटलं. शेरा आला, ‘नवीन वातावरणाशी जुळवून घेण्यात अडचण’. उपाय, दीर्घ श्वसन. डोंगरात वाढलेल्या पोराला आम्ही श्वास घ्यायला शिकवलं! (हशा) हसा, पण त्या कागदावर खाली सही माझी होती.

जानेवारीतली गोष्ट. रात्री साडेअकराला फेरी मारताना दुसऱ्या मजल्यावर मिरची भाजल्याचा ठसका लागला. दार ढकललं. कॉइलची शेगडी, तवा म्हणून पत्र्याच्या डब्याचं झाकण, त्यावर मक्याची भाकरी. थापलेली हातावरच, कडा चिरलेल्या. लसूण-मिरची तांब्याच्या बुडाने ठेचलेली. तीन पोरं उकिडवी बसलेली. तिघंही ताडकन उभी राहिली. नियम स्पष्ट होता : खोलीत शेगडी सापडली की जप्त. मी प्लग काढायला वाकलो तर हा म्हणाला, “सर, एवढी होऊ द्या.”

होऊ दिली. त्याने अर्धी मोडून माझ्या हातावर ठेवली. कुणी हातावर भाकरी ठेवल्यावर उभ्याने खाता येत नाही हो, बसलो. मग तो बोलायला लागला. चार महिन्यांत पहिल्यांदा. “सर, होळीला प्रॅक्टिकल लावलंय.” मला वाटलं, एवढंच? तो दीड तास सांगत होता. मजुरीला बाहेर गेलेली माणसं होळीला कशी परततात, काठीच्या राजवाडी होळीला रात्रभर ढोल कसे घुमतात, पहाटे होळी कशी पेटते. दिवाळीला आपलं कॉलेज तीन आठवडे बंद. त्याच्या वर्षातला सगळ्यात मोठा दिवस आपल्या कॅलेंडरात एका सुट्टीचा, आणि त्यालाच चिकटून परीक्षा. बाईंच्या फॉर्ममध्ये होळीचा रकानाच नव्हता.

(श्रोत्यांतून : “आमच्या पोरांनाही घरची आठवण येतेच की!”)

येते, काका. माझ्या पोरालाही यायची. पण तुमच्या पोराला ‘तू खरंच तुझ्या घरचा आहेस का’ असं कुणी विचारतं? याला विचारतात. जात पडताळणीत एक चाचणी असते. देव कोणते, लग्नाच्या चाली कोणत्या, सण कसे करता. तिचं नाव ऐका : आप्तभाव चाचणी! ती प्रत्येक प्रकरणात निर्णायक मानता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३मध्ये सांगितलं. खोटे दाखले असतात, तपासणी हवीच, त्यावर माझा वाद नाही. पण या पोराला त्याचे देव विचारणारी सरकारी खोली एकच, आणि ती संशयाने विचारते. ज्या खोलीत मायेने विचारायचं, तिथे श्वास मोजतात. एवढा सुंदर मराठी शब्द आपण चुकीच्या खोलीत ठेवलाय.

हे नुसतं भावुक बोलणं नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी लोकांना विचारलं, दवाखाना कसा हवा? मोठ्या इमारतीची, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, सोबतची माणसं राहणार कुठे, असं लोक म्हणाले. म्हणून शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांचा झाला आणि त्याला दंतेश्वरी मातेचं नाव मिळालं. न्यूझीलंडमध्ये मेसन ड्युरी या माओरी मनोविकारतज्ज्ञाने आरोग्याला चार भिंतींचं घर म्हटलं : शरीर, मन, कुटुंब, आत्मा. आणि जुलै २०१८मध्ये आपल्याच आदिवासी वसतिगृहांतली पोरं पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती. कशासाठी? खाणावळ बंद करून खात्यात पैसे नकोत, जेवण द्या, यासाठी. पेपरांनी ती अनुदानाची बातमी केली. मी तिला...

(चिठ्ठी येते)

पाच मिनिटं म्हणतात. मघाशी पोहे वाटायला पंधरा घेतलीत, ते कुणी मोजलं नाही. (हशा) बरं, भराभर सांगतो. होळीच्या आठवड्यात परीक्षा नको. वसतिगृहात पोरांना रांधता येईल असा एक सुरक्षित ओटा. समुपदेशकासोबत महिन्यातून एकदा त्या समाजातलं कुणी जाणतं माणूस. आणि गैरसमज नको, खरं नैराश्य भाकरीने बरं होत नाही. त्याला डॉक्टर लागतो, औषध लागतं. रात्री-अपरात्री टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, लिहून घ्या. पण नंबर फिरवायला आधी विश्वास लागतो, आणि तो मंगळवारी दुपारी फॉर्म भरून येत नाही.

तो मुलगा? होळीला गेला. न विचारता. प्रॅक्टिकल बुडालं. मी विभागप्रमुखांशी बोलणार होतो, बोललो नाही. जूनमध्ये तो आला नाही.

निवृत्तीच्या दिवशी कार्यालय रिकामं करताना कपाटात शेगडी सापडली. जप्तीच्या वहीत तिची नोंद आहे, तारखेसकट, माझ्या अक्षरात. शेजारचा ‘परत केल्याची तारीख’ हा रकाना कोरा आहे.