तळ्यावर पानांची सावली

बागेतल्या छोट्या तळ्याचं पाणी उन्हाळ्यात हिरवं पडतं. भरपूर ऊन आणि पाण्यात खतद्रव्यं मिळाली की शेवाळ फोफावतं. त्यावर मोठ्या पानांची सावली हा चांगला उपाय. कुमुदाची पानं पाण्यावर तरंगतात, कमळाची त्याहून वर उठून छत्रीसारखी उभी राहतात. निम्मं तळं झाकलं की पुरे. सगळंच झाकलंत, तर माशांना प्राणवायू कमी पडतो.

लावायला पसरट कुंडी आणि जड चिकणमाती घ्या. कोकोपीट नको, ते तरंगतं. कमळाचा कंद आडवा ठेवा, कोंब मातीबाहेर राहू द्या, तो फार नाजूक असतो. सुरुवातीला पाणी वीतभरच. पानं वाढतील तसं वाढवा.

या दोघांना रोज पाच-सहा तास ऊन लागतंच. आंब्याखालच्या तळ्यात ती फुलायची नाहीत. तिथे काठाच्या ओल्या मातीत सरळ अळू लावा. अर्ध्या सावलीत ते छान पसरतं. वडीचं लावलंत तर स्वयंपाकघरही खूश!

जलपर्णी मात्र फुकट मिळाली तरी आणू नका. डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे सोडा, पण ते ओढ्यानदीत जाणार नाहीत याची काळजी घ्या.