सात की हात?

(शिरूर येथील मंडळीच्या मेळाव्यात एका निवृत्त शिक्षिकेने केलेले भाषण)



माझी सगळी नोकरी शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या प्राथमिक शाळांत गेली. तेव्हा वर्गातलीच गोष्ट सांगते.

एका हंगामात नंदुरबारकडच्या भिल्ल ऊसतोड्यांच्या कोप्या शाळेमागच्या रानात पडल्या. त्यांतली एक मुलगी पहिलीत आणून बसवली. अंक म्हणताना सहाच्या पुढे ती म्हणाली, "हात." मी म्हटलं, "हात नाही गं, सात." ती पुन्हा "हात." वर्ग हसला. मीही हसले. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, नंतरही कधी आली नाही. भिल्ली बोलीत आपल्या 'स'चा पुष्कळदा 'ह' होतो, हे मला फार उशिरा कळलं. तिचं उत्तर बरोबर होतं.

यावर आम्हा शिक्षकांत दोन तट असत. एक गुरुजी म्हणायचे, "दाखल्याला, पोलीस ठाण्यात, नोकरीत प्रमाण मराठीच लागणार. बोलीत रमवाल तर पोरं मागं पडतील." दुसऱ्या बाईंनी पारधी आयांकडून शब्द गोळा करून वहीच भरली होती. मी वहीच्या बाजूची. पण पारधी वस्तीवरच्या एका बापाने मला गप्प केलं. "बाई, आमची बोली घरात हायेच. तिच्यावरनं लोक वळखतात, आन् वळखलं की संशय घेतात. पोराला तुमच्यावानी बोलाया शिकवा." इंग्रजी अमलातल्या ज्या कायद्याने काही जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का बसला, त्यांत पारधीही होते. तो कायदा 1952 मध्ये गेला, धाक गेला नाही.

शिक्षण शक्यतो मातृभाषेत द्यावं, असं 2009 चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. पण एका वर्गात पारधी, भिल्ल, मराठी, हिंदी अशी सगळी मुलं, बोलीचं पुस्तक नाही, आणि शिक्षक बोली शिकेपर्यंत त्याची बदली! अरब देशांतही पुस्तक प्रमाण अरबीत आणि घरची बोली निराळी. तिथलेही बरेच शिक्षक धडा प्रमाण भाषेत वाचतात नि बोलीत समजावतात.

मी शेवटी तेच केलं. मूल बोलेल तो शब्द फळ्यावर लिहायचा, शेजारी पुस्तकातला. 'चूक' म्हणायचं नाही, 'पुस्तकात याला असं म्हणतात' एवढंच. प्रमाण मराठी मात्र पुरती शिकवायची. त्या बापाला मी शब्द दिला होता.

आपल्या दौंड तालुक्यात, केडगावला, पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं भाषांतर केलं, ते कमी शिकलेल्या बायकांनाही कळेल अशा सोप्या मराठीत. त्या स्वतः संस्कृतच्या पंडिता! वाचणारी कोण आहे, हे त्यांनी आधी पाहिलं.

आता मी दर शनिवारी वस्तीवर जाते. दहावी झालेली एक पारधी मुलगी सोबत असते. मुलांचं बोलणं ती मला समजावते, माझं मुलांना. तिला थोडं मानधन द्यायला हवं, आणि आणखी दोघीतिघी हव्यात. सकाळी नऊला इथूनच निघतो. चटया, पाट्या, खडू आहेत.